हँडब्रेक धरत नाही? आधी ड्रम उघडा, केबल शेवटी

हँडब्रेक वर येतोय म्हणून व्हॅन गॅरेजला नेली की बहुतेक ठिकाणी काम दहा मिनिटांत उरकतं. लिव्हरच्या बुडाशी किंवा गाडीच्या पोटाखाली केबलचा नट असतो. तो चार-सहा आटे आवळायचा, लिव्हर दोनदा ओढून दाखवायची, झालं. काही दिवस हँडब्रेक कडक लागतो. मग पुन्हा तेच रडगाणं, आणि तोवर नटाला आवळायला आटे उरलेले नसतात.

दोष बहुतेक वेळा केबलमध्ये नसतो, चाकात असतो. ड्रमच्या आतले ब्रेक शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात आणि ते अंतर आपण केबल ताणून भरून काढतो. त्यात दुहेरी नुकसान आहे. शूला ढकलणारी आतली छोटी लिव्हर विश्रांतीच्या जागी परत जात नाही, ती कायम थोडी ओढलेली राहते. त्यामुळे शूमधलं अंतर आपोआप कमी करणारा ॲडजस्टर काम करेनासा होतो आणि अंतर वाढतच जातं. शिवाय ती लिव्हर अर्ध्या वाटेवरूनच ओढली जाते, तिचा कोन बिघडतो, आणि तेवढाच जोर लावूनही शूवर दाब कमी पडतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी शू, मग केबल. हा क्रम उलटला तर पुढचं सगळं काम वाया जातं.

हा लेख मागच्या चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांसाठी आहे, मग ती ओम्नी-ईकोसारखी छोटी व्हॅन असो की मोठ्या व्हॅनवर बांधलेला कॅम्पर. मागे डिस्क असेल तर काय बदलतं ते शेवटी आहे.

आधी वजन लक्षात घ्या

युरोपातल्या आर-१३ नियमानुसार पूर्ण भरलेली गाडी १८ टक्के चढावर हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. १८ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १८ मीटर उंची. एवढ्या चढावर १,५०० किलोच्या व्हॅनला खाली ओढणारी ओढ साधारण २६५ किलोची असते आणि ३,५०० किलोच्या कॅम्परला सुमारे ६२० किलोची. ही सगळी ओढ एका हाताने खेचलेल्या तारेवर आणि चार शूंवर येते.

व्हॅनचा कॅम्पर केला की हे गणित बदलतं. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढे. त्यावर पलंग, ओटा, गॅस, फ्रिज. रिकाम्या गाडीला पुरणारा हँडब्रेक भरलेल्या गाडीला पुरत नाही, आणि दोष हँडब्रेकला दिला जातो. शंका असेल तर गाडी सगळ्या सामानासकट वजनकाट्यावर घाला आणि आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. वजन त्याच्या वर असेल तर कितीही ॲडजस्ट केलं तरी उपयोग नाही, सामान उतरवा.

दोष कुठे आहे ते उघडण्याआधीच कळतं

सपाट जागी, इंजिन सुरू ठेवून, हँडब्रेक नेहमीच्या जोरात ओढा आणि खटके मोजा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बहुतेक व्हॅनना ५ ते ८ खटक्यांत चाकं घट्ट व्हायला हवीत. आता लिव्हर सोडा, पायाचा ब्रेक दाबून धरा आणि तसाच हँडब्रेक पुन्हा ओढा. खटके झपकन कमी झाले, समजा १० चे ५ झाले, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलं आहे. केबलला हात लावू नका. पाय दाबूनही लिव्हर तितकीच वर येत असेल तर केबल ताणली आहे किंवा तिचं टोक कुठे सुटलं आहे.

खटके कमी, लिव्हर दगडासारखी कडक आणि तरी गाडी सरकते, हा तिसरा प्रकार. इथे ओढ चाकापर्यंत पोचतच नाही, म्हणजे केबल गंजून आवरणात अडकली आहे. किंवा पोचते पण लायनर (शूवरचा घासणारा थर) धरत नाही, म्हणजे तो तेलकट झाला आहे किंवा काचेसारखा गुळगुळीत. लिव्हर ओढल्यावर आपोआप खाली पडत असेल तर तिच्या रॅचेटचे (खटक्याने अडकवून ठेवणाऱ्या पट्टीचे) दाते झिजलेत. ते दाते घासून-बिसून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, पूर्ण लिव्हर बदलावी.

मुंबईत गंजाची बाजू जास्त जड असते. खारी हवा वर्षभर आहेच, त्यात जून ते सप्टेंबर हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे असल्या ठिकाणी एकदा जरी गाडी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, पाण्यातून गेली तरी ड्रममध्ये आणि केबलच्या आवरणात गाळ मिसळलेलं पाणी शिरतं. आठवडाभर उभी राहून फक्त शनिवार-रविवारी निघणाऱ्या गाड्यांचे ॲडजस्टर रोज धावणाऱ्या गाड्यांपेक्षा आधी गंजून बसतात.

सामान

ब्रेक शूचा एक संच (चार शू, दोन्ही चाकांचे), स्प्रिंगांचा किट, लागली तर मागची केबल, ५०० मिलीचा ब्रेक क्लीनर, उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, ८० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, एन-९५ मास्क आणि हातमोजे. हत्यारांत पाने, पक्कड, चपटा स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडी, जॅक आणि दोन जॅक स्टँड. शूची स्प्रिंग काढायची खास पक्कड मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळते. ती घ्याच, साध्या पक्कडीने स्प्रिंग निसटून डोळ्याकडे येते.

सुटे भाग ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतील. केबल घेताना जुनी सोबत न्या आणि दोन लांब्या ताडून बघा: बाहेरच्या आवरणाची आणि दोन्ही टोकांना उघड्या राहणाऱ्या तारेची. एकूण लांबी जुळली तरी उघडी तार २ सेंटीमीटरने कमी-जास्त असली की ॲडजस्टमेंट बसत नाही. जुना ड्रम आतला व्यास मोजून घेता येतो, जुने शू मात्र घेऊ नका.

गाडी उचलणं

इथे जीव जाऊ शकतो, म्हणून सावकाश. ओम्नी, ईको आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या इतर व्हॅनमध्ये हँडब्रेकही मागच्या चाकांवर आणि गिअरही मागच्याच चाकांवर. मागची चाकं उचलली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोका. विटा नकोत, त्या फुटतात.

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकचा पाय त्यात खचतो. जॅक आणि स्टँड दोन्हींखाली १८ मिमीचा प्लायचा तुकडा ठेवा. रॅम्पवर किंवा उताराच्या पार्किंगमध्ये हे काम करूच नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, मग ॲक्सलखाली जॅक लावून उचला आणि स्टँडवर टेकवा. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

आता गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली, आणि केबलचा नट पार सैल करा. आधी नटाबाहेर किती आटे दिसतात त्याचा फोटो काढून ठेवा. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला तर सकाळी सुखाने फिरतो.

ड्रम उघडल्यावर

ड्रम निघत नसेल तर कारण दोनांपैकी एक. हबवर गंजाने चिकटला असेल तर बहुतेक ड्रमवर ८ मिमी बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं असतात. दोन्हींत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. ड्रम फिरतो पण बाहेर येत नाही, तर झीज होऊन आतल्या कडेला ओठ तयार झालाय आणि शू त्यात अडकतात. ड्रममागच्या, शू बसवलेल्या पत्र्यातल्या रबरी बुचातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर उलटा फिरवा, शू आत जातील. ड्रमच्या कडेवर लोखंडी हातोडी मारली तर बीड तडकते.

ड्रममधली काळी पूड कंप्रेसरच्या हवेने उडवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद व्हायला हवी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती पूड फुप्फुसात जाऊन बसते. मास्क घाला, ब्रेक क्लीनर मारून पूड ओलीच पुसून घ्या. रॉकेल-डिझेलने धुवू नका, त्याचा तेलकट थर लायनरवर राहतो.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडल्यास दुसऱ्या बाजूला बघून जुळवता येतं. आणि ड्रम बाहेर असताना कुणीही पायाचा ब्रेक दाबता कामा नये. दाबला तर व्हील सिलिंडरचे (पायाचा ब्रेक दाबल्यावर शू ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर उडतात आणि ब्रेक ऑइल सगळ्या लायनरवर.

आता बघायचं ते असं. लायनर रिबीटने (रिव्हेटने) ठोकलेला असेल तर रिबीटच्या डोक्यावर किमान १ मिमी शिल्लक हवा. चिकटवलेला असेल तर १.५ मिमीच्या खाली गेला की बदला. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल पण जाडी चांगली असेल तर ८० नंबरच्या पेपरने आडवं-तिरकं घासून चकाकी काढा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. तेवढा झाला असेल तर ड्रम बाद. खाली असेल आणि चरे पडले असतील तर लेथवर कातून घ्या, पण दोन्ही ड्रम सारख्याच मापाला.

लायनर ओला दिसला तर वास घ्या. पातळ, रंग खाणारा द्रव म्हणजे ब्रेक ऑइल, व्हील सिलिंडर गळतोय. त्याची रबरी टोपी हळूच उचलली की आत ओल दिसेल. चिकट, गंधकासारख्या उग्र वासाचं तेल म्हणजे ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. सील बदलल्याशिवाय नवे शू घालणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं. तेलात भिजलेला लायनर दिव्याच्या ज्योतीवर भाजून पुन्हा बसवतात, तो वरून कोरडा दिसतो आणि पहिल्या लांब घाटात तापला की आतलं तेल बाहेर सोडतो. भिजलेला शू टाकूनच द्या, आणि दोन्ही चाकांचे एकदमच बदला. एका बाजूला नवे, एका बाजूला जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

व्हील सिलिंडर बदलावा लागला तर ब्रेकमधली हवा काढावी लागेल. पुस्तकात असेल ते डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल सीलबंद बाटलीतूनच वापरा. उघडी ठेवलेली बाटली आपल्या दमट हवेत ओल शोषते. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर इथून पुढे मिस्त्रीला बोलवा.

जुळवणी: हाच खरा गाभा

शू काढण्याआधी फोटो काढा: कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात, कोणतं टोक वर. मग मागचा पत्रा साफ करा. त्यावर शू जिथे टेकून सरकतात तिथे उंचवटे असतात, बहुधा सहा. शू अडकायची ही नेहमीची जागा. वर्षानुवर्षं शू घासून तिथे खाचा पडतात, शूची कड त्यात बसते आणि हँडब्रेक सोडल्यावर परत येत नाही. खाच उथळ असेल तर कानसने सपाट करा. प्रत्येक उंचवट्यावर मोहरीच्या दाण्याएवढंच ब्रेक ग्रीस. जास्त लावलं तर तापून वितळतं आणि लायनरवर येतं.

ॲडजस्टर पूर्ण उघडून आटे तारेच्या ब्रशने साफ करा, तेच ग्रीस हलकं लावा आणि तो बोटांनी टोकापासून टोकापर्यंत फिरतो की नाही बघा. बोटांनी फिरत नसेल तर चाकात बसल्यावर आपोआप फिरण्याची आशा सोडा, नवा घाला. डावा-उजवा ॲडजस्टर अदलाबदल करू नका. चांदणीच्या प्रकारात (दातेरी चाक फिरवून लांब-आखूड होणाऱ्या ॲडजस्टरमध्ये) दोन्हींचे आटे उलट दिशेचे असतात. चुकीच्या बाजूला बसवला तर प्रत्येक ब्रेकला अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, आणि महिन्याभराने कारण शोधताना डोकं फिरतं.

शू, स्प्रिंगा, आतली लिव्हर आणि केबलचं टोक बसवल्यावर सगळ्यात महत्त्वाची एक तपासणी: आतली लिव्हर तिच्या थांब्याला, म्हणजे शूच्या कडेला, पूर्ण टेकलेली आहे का. नसेल तर केबल अजून ताणलेली आहे किंवा आवरणात अडकली आहे. केबलचं टोक काढून हाताने पुढे-मागे सरकवून पाहा. सहज सरकली पाहिजे. खरखर जाणवली किंवा आवरण कुठे फाटलेलं दिसलं तर बदला. तेल घालून सैल केलेली गंजकी केबल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडकतेच, आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल घालायचंच नसतं.

ड्रम चढवा. चांदणीचा ॲडजस्टर असेल तर पत्र्यातल्या भोकातून फिरवत शू बाहेर काढा, ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत. मग पायाचा ब्रेक दोन-तीनदा दाबा म्हणजे शू मधोमध बसतील, आणि चांदणी एकेक दाता मागे घ्या. ड्रम मोकळा फिरला पाहिजे, कान लावल्यावर लायनरचा नुसता पुसट स्पर्श ऐकू आला तर चालेल. दोन्ही बाजूंना दाते मोजा. रॅचेटचा स्वयंचलित प्रकार असेल तर दोन्ही ड्रम बसवून पायाचा ब्रेक दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबा. चाकातून येणारी टिकटिक थांबली की ॲडजस्टमेंट झाली. काही गाड्यांत ॲडजस्टर रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर चालतो, तिथे मोकळ्या जागी हळू रिव्हर्स घेत दहा वेळा थांबा.

आता केबल

दोन्ही चाकं बसवा, गाडी अजून स्टँडवरच. केबलचा नट थोडा थोडा आवळा आणि प्रत्येक वेळी लिव्हर ओढून चाक फिरवून बघा. पहिल्या खटक्याला चाक मोकळं, दुसऱ्या-तिसऱ्याला हलकं घासणं सुरू, पाचव्या-सहाव्याला दोन्ही चाकं हाताने न फिरणारी. पुस्तकात वेगळे खटके दिले असतील तर ते पाळा. लिव्हर पूर्ण खाली आणली की दोन्ही चाकं लगेच मोकळी झालीच पाहिजेत. जरा जरी घासत असतील तर अर्धा फेरा मागे या.

एक चाक धरतंय आणि दुसरं फिरतंय असं झालं तर दोन केबलांना सारखी ओढ देणारी पट्टी बघा. ती गाडीच्या रोखाला आडवी, सरळ राहायला हवी. तिरकी झाली असेल तर एका बाजूची केबल अडकलीय किंवा एका बाजूचे शू जास्त लांब आहेत. पुन्हा त्या चाकात जा, नटाने भागवू नका.

नवी केबल असेल तर लिव्हर दहा वेळा चांगल्या जोरात ओढा. तार बसते, थोडी ताणते. मग खटके पुन्हा मोजून चेकनट (केबलचा नट सुटू न देणारा दुसरा नट) लावा. तो विसरला तर मुंबईच्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी सगळी ॲडजस्टमेंट निघून जाते.

चाचणी

नवे शू पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाहीत, लायनरचा गोल ड्रमच्या गोलाशी जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटरवरून पायाच्या ब्रेकने हलकेच पंधरा-वीस वेळा थांबा, मधे ड्रम थंड होऊ द्या. त्यानंतर आठ-दहा किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमजवळ हाताची पाठ न्या. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर तिथे शू घासतायत.

मग चढ. वांद्र्याच्या पाली हिलचा एखादा रस्ता किंवा सोसायटीचा रॅम्प, सकाळी लवकर, मागे कुणी नसताना, एक माणूस पाचर घेऊन बाजूला उभा. चाकामागे नाही, बाजूला. पायाच्या ब्रेकवर थांबा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, पाय हळूहळू सोडा. गाडी चढाला तोंड करून आणि उताराला तोंड करून, दोन्ही वेळा उभी राहिली पाहिजे, पाण्याची टाकी भरलेली असताना. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि ५०० किलोमीटरनंतर खटके पुन्हा तपासा. नवा लायनर बसल्यावर एखादा खटका वाढतो, तेवढा केबलला घ्यायला हरकत नाही.

मागे डिस्क असेल तर

दोन प्रकार आहेत. एकात डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो आणि त्यातले शू फक्त हँडब्रेकसाठी वापरले जातात. त्याची पद्धत वरचीच: आधी चांदणी, मग केबल. फरक एवढाच की हे शू चालत्या गाडीत कधी घासत नाहीत, म्हणून झिजत नाहीत, पण गंजतात. नवे बसवल्यावर रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने, लिव्हरचं बटण दाबून धरून हलकं ओढत दोन-तीनशे मीटर जावं, थंड करावं, पुन्हा एकदा करावं.

दुसऱ्या प्रकारात केबल थेट कॅलिपरची (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागाची) लिव्हर फिरवते. लिव्हर तिच्या थांब्याला परत येते का तेवढंच बघा. येत नसेल तर पिस्टनची यंत्रणा आतून गंजलीय आणि कॅलिपरच बदलावा लागतो. अशा कॅलिपरचा पिस्टन बहुधा फिरवत आत न्यायचा असतो. सी-क्लॅम्पने दाबला तर आतली यंत्रणा मोडते.

पावसाळ्यात उभी राहणारी गाडी

महिना-दोन महिने न हलणारा कॅम्पर हँडब्रेक लावून ठेवू नका. ओले लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. पहिला गिअर, चारही बाजूंनी पाचरी, पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली आणि हँडब्रेक खाली, अशी गाडी ठेवा. पाण्यातून गाडी आणली असेल तर उभी करण्याआधी किलोमीटरभर पायाचा ब्रेक हलका दाबत ड्रम वाळवा. तरीही चिकटलेच तर क्लच सोडून इंजिनच्या जोरावर ओढू नका, लायनर शूपासून उखडून निघतो. चाक काढा, ड्रमवर रबरी हातोडीने गोल गोल ठोका, ड्रम हाताने थोडा पुढे-मागे फिरवा. सुटल्यावर ड्रम उघडून आतला गंज पुसा.